पर्यवेक्षक नसलेली परीक्षा

फेब्रुवारी-मार्च उजाडला की आपल्याकडे 'कॉपी' या शब्दाला एकदम महत्त्व येतं. भरारी पथकं निघतात, परीक्षा केंद्रांवर बंदोबस्त लागतो, झडत्या होतात. निकाल लागले की हा विषय पुन्हा वर्षभर झाकून ठेवला जातो. कॉपी मात्र वर्षभर चालूच असते. शाळेत ती चिठ्ठीच्या रूपात असते. महाविद्यालयात आल्यावर तिचं रूप पालटतं. मित्राचं जर्नल रात्री बसून उतरवून काढणं, गेल्या वर्षीच्या प्रकल्पाला नवं मुखपृष्ठ लावून तो देणं, उत्तर आधी ठरवून त्यावरून उलटा हिशेब करत प्रयोगाची रीडिंग भरणं, आणि पुढे दुसऱ्याच्या प्रबंधातली पानंच्या पानं आपल्या प्रबंधात घालणं, ही सगळी तिचीच रूपं.

शिक्षकांच्या खोलीत यावर चर्चा निघाली की सहसा दोन मतं पुढे येतात. एक म्हणजे, 'जबर शिक्षा करा, म्हणजे वचक बसेल.' आणि दुसरं, 'मुलांवर विश्वास टाका, ती विश्वासाला जागतील.' दोन्ही मतं तळमळीनं मांडली जातात, पण त्यांच्यामागे पुरावा काय आहे असं विचारलं तर आपण गप्प होतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तरी असं गप्प बसू नये. गंमत अशी की जबर शिक्षा आणि पूर्ण विश्वास, या दोन्ही गोष्टी एकत्र वापरून पाहण्याचा एक फार लांबलेला प्रयोग एका विद्यापीठात होऊन गेला आहे. तो १८४२ साली सुरू झाला आणि त्याचा साचा अगदी अलीकडे, २०२२ साली, बदलला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाची ही गोष्ट आहे.

जेफर्सन यांची अपेक्षा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि तिथले तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी उतारवयात शार्लट्सव्हिल या गावी हे विद्यापीठ स्थापन केलं. स्थापना १८१९ सालची, वर्ग भरू लागले १८२५ साली. सुरुवातीच्या आठ प्राध्यापकांपैकी पाच युरोपातून बोलावलेले होते. विद्यार्थी स्वतःवर स्वतः राज्य करतील, शिक्षकांनी पोलिसाचं काम करू नये, अशी जेफर्सन यांची इच्छा होती.

ती इच्छा पहिल्याच वर्षी कोलमडली. ऑक्टोबर १८२५ मध्ये तोंडावर मुखवटे चढवलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री दंगा केला आणि परदेशी प्राध्यापकांवर हल्ले केले. दोघा प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले. चौकशीसाठी विद्यापीठाचं नियामक मंडळ बसलं तेव्हा ८२ वर्षांचे जेफर्सन विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले, पण त्यांना शब्दच फुटेना. ते खाली बसले. दंगेखोरांमध्ये त्यांच्याच नात्यातला एक मुलगा होता. पुढच्या वर्षी, ४ जुलै १८२६ रोजी, जेफर्सन वारले.

यानंतर विद्यापीठ दुसऱ्या टोकाला गेलं. विद्यार्थ्यांनी पहाटे उठावं, गणवेश घालावा, पैसे बाळगू नयेत, असे नियम आले. ते पाळले जातात की नाही हे पाहण्याचं काम प्राध्यापकांवर आलं. नियम वाढले तसे ते मोडण्याचे प्रकारही वाढले. प्राध्यापक आणि विद्यार्थी म्हणजे जणू दोन छावण्या झाल्या. १८३६ साली विद्यार्थ्यांच्या लष्करी पथकावरून वाद पेटला, मोठ्या संख्येनं विद्यार्थी काढून टाकले गेले आणि नोव्हेंबरात पुन्हा दंगल झाली. पुढे दरवर्षी त्या दंगलीचा 'वाढदिवस' रात्री गोळीबार करून साजरा करण्याची प्रथाच विद्यार्थ्यांमध्ये पडली.

एक खून आणि एक ठराव

१२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री अशाच गोंधळात कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस घराबाहेर आले. मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा मुखवटा काढायचा त्यांनी प्रयत्न केला. त्या मुलानं पिस्तूल झाडलं. दोन दिवसांनी डेव्हिस यांचा मृत्यू झाला. या वेळी मात्र विद्यार्थी गुन्हेगाराच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. त्याला शोधून काढायला त्यांनीच मदत केली. तो पकडला गेला, जामिनावर सुटला आणि पळून गेला. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही.

डेव्हिस यांच्या जागी हेन्री सेंट जॉर्ज टकर हे न्यायाधीश प्राध्यापक म्हणून आले. ४ जुलै १८४२ रोजी, म्हणजे जेफर्सन यांच्या मृत्यूला बरोबर सोळा वर्षं झाली त्या दिवशी, त्यांनी प्राध्यापकांच्या सभेत एक छोटासा ठराव मांडला. यापुढे प्रत्येक लेखी परीक्षेत विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेला एक प्रमाणपत्र जोडावं. परीक्षा चालू असताना तोंडी, लेखी किंवा छापील अशी कोणाचीही मदत मी घेतलेली नाही, असं त्यानं स्वतःच्या सन्मानाला स्मरून लिहून द्यावं. ठराव मंजूर झाला.

या ठरावाचं मूळ थेट डेव्हिस यांच्या खुनात शोधण्याची परंपरा त्या विद्यापीठात आहे. खून आणि ठराव यांच्यात दीड वर्षाहून जास्त काळ गेलेला आहे आणि ठरावाचा विषय दंगल नसून परीक्षा हा आहे. त्यामुळे कार्यकारणाची इतकी सरळ रेषा ओढताना आपण जपून राहिलेलं बरं. पण एवढं नक्की म्हणता येतं की पंधरा-सोळा वर्षं पाळत ठेवून दमलेल्या प्राध्यापकांनी या वेळी पाळतीची एक दोरी स्वतःहून सैल केली.

ठराव शिक्षकांनी केला, पण काही दशकांत तो विद्यार्थ्यांनी आपलासा केला. कोणी खोटं बोललं, परीक्षेत फसवलं किंवा चोरी केली तर त्याची चौकशी विद्यार्थीच करू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कामासाठी विद्यार्थ्यांची रीतसर समितीच उभी राहिली. शिक्षा एकच होती, ती म्हणजे विद्यापीठातून कायमचं काढून टाकणं. 'सन्मान पद्धती' या नावानं ही रीत ओळखली जाऊ लागली. पुढे प्रिन्स्टनमध्ये १८९३ साली आणि स्टॅनफर्डमध्ये १९२१ साली अशाच तऱ्हेच्या पद्धती सुरू झाल्या.

सन्मान कोणाचा?

इथपर्यंतची गोष्ट ऐकून मन हरखून जातं. पण ती इथेच थांबवली तर आपली फसगत होईल. एकोणिसाव्या शतकातल्या व्हर्जिनियात 'सन्मान' या शब्दाला जो अर्थ होता तो आपल्या मनातल्या प्रामाणिकपणाहून बराच वेगळा होता. हे विद्यार्थी बहुतेक मळेवाल्यांचे, गुलाम बाळगणाऱ्या घरांतले मुलगे होते. विद्यापीठाच्या इमारती बांधणारे, तिथे झाडलोट आणि स्वयंपाक करणारे हात गुलामांचे होते. त्यांना मारहाण केली तर 'सन्मानाला' धक्का लागत नसे. बरोबरीच्या माणसानं खोटारडं म्हटलं तर मात्र पिस्तुलं निघत. म्हणजे हा विश्वास एका वर्गानं आपल्यातल्या आपल्यात वाटून घेतलेला होता.

विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५० साली आला, तोही न्यायालयात दाद मागून. पदवीच्या सगळ्या वर्गांची दारं स्त्रियांना १९७० साली उघडली. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं येऊ लागल्यावर जुन्या पद्धतीची खरी परीक्षा सुरू झाली. कृष्णवर्णीय आणि परदेशी विद्यार्थ्यांविरुद्ध तक्रारी त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त येतात, असं पुढे विद्यापीठातल्याच पाहण्यांमध्ये दिसून आलं. यातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. 'मी मुलांवर विश्वास टाकतो' असं म्हणताना तो विश्वास पहिल्या बाकावरच्या, आपल्यासारखं बोलणाऱ्या मुलांपुरता तर नाही ना, हे तपासून पाहायला हवं. आणि संशय घेतानाही नजर त्याच त्याच मुलांकडे वळते का, हेही.

पाहण्यांतून काय दिसलं

शपथेचा खरोखर उपयोग होतो का? बराच काळ याचं उत्तर फक्त आठवणी आणि अभिमान यांच्या आधारानं दिलं जात होतं. १९६४ साली विल्यम बॉवर्स या समाजशास्त्रज्ञानं ९९ महाविद्यालयांतल्या सुमारे ५,००० विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवून पहिली मोठी पाहणी केली. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी कधी ना कधी गैरप्रकार केल्याचं कबूल केलं. या आकड्यानं अनेकांची झोप उडाली.

डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिन्यो यांनी १९९०-९१ मध्ये ३१ महाविद्यालयांतल्या ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. काही महाविद्यालयांत सन्मान पद्धती होती, काहींत नव्हती. जिथे ती होती तिथे गैरप्रकार कमी आढळले. ते शून्यावर मात्र आले नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. एखादा विद्यार्थी कॉपी करील की नाही याच्याशी सगळ्यात घट्ट नातं कशाचं होतं? शिक्षा किती कडक आहे याचं नव्हे. आपल्याभोवतीचे मित्र कॉपी करतात असं त्याला वाटतं का, याचं.

शिक्षकांची बाजूही मॅकेब यांनी तपासली. कॉपीचा प्रकार समोर आल्यावर बहुतेक प्राध्यापक त्याची रीतसर तक्रार कधीच करत नाहीत किंवा क्वचितच करतात, असं दिसलं. कारणं आपल्याला परकी वाटणार नाहीत. वेळ जातो, कागदपत्रं करावी लागतात, पुरावा कमी पडेल अशी धास्ती असते, आणि एका चुकीपायी पोराचं आयुष्य बिघडेल असंही वाटतं. मग शिक्षक काणाडोळा करतात किंवा मनातल्या मनात दोन गुण कापून मोकळे होतात. वर्गाला हे कळतंच. आणि 'सगळेच करतात, सरांनाही ठाऊक आहे' ही समजूत वर्गात एकदा बसली की नेमकी तीच कॉपीला खतपाणी घालते.

'वस्तू कशा चालतात?'

आता आपण २००१ सालात येऊ. व्हर्जिनिया विद्यापीठातच लुई ब्लूमफिल्ड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक 'हाऊ थिंग्ज वर्क' नावाचा अभ्यासक्रम शिकवत होते. विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांना रोजच्या वापरातल्या वस्तूंमागचं भौतिकशास्त्र समजावं हा त्याचा हेतू होता. वर्ग इतका लोकप्रिय की एकेका सत्राला शेकड्यांनी विद्यार्थी असत. शेवटी प्रत्येकानं एखाद्या वस्तूवर निबंध लिहून द्यायचा, आणि निबंध संगणकावरच पाठवायचे.

काही जण जुने निबंध उतरवून जास्त गुण मिळवतात, अशी तक्रार एका विद्यार्थ्याकडून त्यांच्या कानावर आली. शेकडो निबंध डोळ्यांनी ताडून पाहणं अशक्य होतं. म्हणून ब्लूमफिल्ड यांनी स्वतःच एक संगणक-कार्यक्रम लिहिला आणि मागच्या पाच सत्रांतले पंधराशेहून अधिक निबंध त्यातून काढले.

या कार्यक्रमाचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. संगणक निबंधाचा अर्थ लावत नाही. लागोपाठ आलेल्या शब्दांची साखळी घेतो आणि तशीच साखळी दुसऱ्या निबंधात आहे का ते पाहतो. साखळी किती शब्दांची घ्यायची, हा यातला कळीचा प्रश्न. दोन-तीन शब्दांची घेतली तर सगळेच निबंध एकमेकांशी जुळतील. फार लांब घेतली तर मधला एखादा शब्द बदलणाराही निसटेल. ब्लूमफिल्ड यांनी सहा शब्दांची साखळी धरली. आता 'समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंश सेल्सिअस असतो' हे वाक्य घ्या. यात सात शब्द आहेत आणि ते वर्गातल्या निम्म्या वह्यांमध्ये जसंच्या तसं सापडेल. यात चोरी कुठेच नाही. म्हणून एखादी साखळी जुळली की संशयसुद्धा घेता येत नाही. अशा जुळण्या ओळीनं, परिच्छेदामागून परिच्छेद सापडल्या, तरच लक्ष द्यायचं.

अनेक निबंधांत तसंच सापडलं. काही निबंध तर जवळजवळ सगळेच एकसारखे होते. एकूण १५८ विद्यार्थ्यांची नावं सन्मान समितीकडे गेली. समितीचं काम दीड वर्षाहून जास्त चाललं. अखेर ४८ जण दोषी ठरले किंवा गुन्हा कबूल करून विद्यापीठ सोडून गेले. त्यांत काही जणांना आधीच मिळालेली पदवीही गमवावी लागली.

१५८ आणि ४८ या दोन आकड्यांमधलं अंतर पुन्हा एकदा पाहा. संगणकानं दाखवलेल्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी जण शेवटी दोषी निघाले. संगणक चुकला होता का? नाही. दोन निबंध सारखे आहेत एवढंच तो सांगतो. मूळ कोणाचं आणि नक्कल कोणाची, हे त्याला कळत नाही. ज्यांचा निबंध त्यांना न कळत दुसऱ्यानं वापरला होता, अशा विद्यार्थ्यांचीही नावं त्या यादीत होती. माणसांनी बसून, दोन्ही बाजू ऐकून, कागद तपासून निवाडा केला म्हणून ते सुटले. यादी हाती येताच शिक्षा जाहीर झाली असती, तर शंभरावर विद्यार्थ्यांवर दोषसिद्धीशिवाय बट्टा लागला असता.

शिक्षेचं माप

ब्लूमफिल्ड यांच्या वर्गातल्या या प्रकरणानं दुसरा एक जुना प्रश्न पुन्हा वर काढला. सगळ्या अपराधांना एकच शिक्षा, तीही हद्दपारीची, हे योग्य का? कठोर शिक्षेनं वचक बसतो असं मानणाऱ्यांना व्हर्जिनियाचा अनुभव कोड्यात टाकणारा आहे. शिक्षा इतकी मोठी असल्यामुळे तक्रार करायलाच कोणी धजत नाही, असं तिथले अनेक प्राध्यापक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं म्हणत आले. दोन परिच्छेद उतरवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला कायमचं घालवून द्यायचं, या विचारानं शिक्षक कचरत. पंचमंडळात बसलेले विद्यार्थीही दोषी ठरवताना कचरत. अपराध्याला जबर शिक्षा, नाहीतर काहीच नाही, असे दोनच पर्याय उरले की माणसं 'काहीच नाही' हा पर्याय निवडतात.

२०१३ साली विद्यार्थ्यांच्या मतदानानं पहिला बदल झाला. तक्रार झाल्यावर जो विद्यार्थी सरळ चूक कबूल करील त्यानं दोन सत्रं विद्यापीठाबाहेर राहायचं आणि मग परत यायचं, अशी वाट उघडली. मार्च २०२२ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक मतांनी हद्दपारीची शिक्षाच रद्द झाली आणि तिच्या जागी दोन सत्रांची रजा आली. २०२३ साली आणखी पुढचं पाऊल पडलं. अपराध पाहून वेगवेगळ्या शिक्षा देण्याची सोय झाली. टकर यांच्या ठरावाला तेव्हा १८१ वर्षं होत आली होती.

आपल्याकडचे कायदे या नजरेनं पाहण्यासारखे आहेत. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळांच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांना गुन्हा ठरवणारा कायदा १९८२ सालचा आहे. संशोधनातल्या वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली नियम केले. त्यांत पायऱ्या आहेत. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणी रद्द. सर्वांना ठाऊक असलेली माहिती किंवा योगायोगानं जुळलेले १४ पर्यंतचे सलग शब्द मोजायचे नाहीत, अशीही तरतूद आहे. पायऱ्या असणं चांगलंच. पण टक्केवारीचा कागद हा निवाडा नव्हे, हे ब्लूमफिल्ड यांच्या यादीवरून आपण पाहिलं. नऊ टक्क्यांत दुसऱ्याची मध्यवर्ती कल्पना उचललेली असू शकते, आणि पंधरा टक्क्यांत नुसत्या प्रयोगपद्धतीच्या ठरीव वाक्यांची गर्दी असू शकते. प्रबंध वाचावाच लागतो.

यंत्राची साक्ष

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांच्या हाती आलं आणि शब्दांच्या साखळ्या जुळवण्याची युक्ती लंगडी पडली. यंत्र दर वेळी नवी वाक्यं रचतं, मग जुळवणार कशाशी? लेखन यंत्राचं की माणसाचं, हे ओळखणारी साधनं बाजारात आली. 'चॅटजीपीटी' बनवणाऱ्या कंपनीनंही असं एक साधन काढलं होतं. ते पुरेसं अचूक नसल्यामुळे जुलै २०२३ मध्ये कंपनीनंच मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांची चाचणी घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतःच्या हातानं लिहिलेले निबंध ही साधनं सरासरीनं निम्म्याहून अधिक वेळा 'यंत्रानं लिहिलेले' ठरवत होती. साधी, मोजक्या शब्दांतली वाक्यरचना हाच त्या निबंधांचा दोष!

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींचं लेखन अगदी असंच असतं. अशा साधनाच्या एका आकड्यावरून एखादीचा प्रकल्प नाकारायच्या आधी तिला समोर बसवून, 'हे तू कसं केलंस ते सांग' एवढं तरी विचारायला हवं. पाच मिनिटांच्या गप्पांत जे कळतं ते कुठल्याही यंत्राला अजून कळत नाही.

आपल्या वर्गात

या सगळ्या इतिहासातून आपल्या हाती काय लागतं? शपथेनं कॉपी संपली नाही, हद्दपारीनं संपली नाही आणि यंत्रानंही संपली नाही. जिथे ती कमी झाली तिथे 'इथे आपण असं करत नाही' ही समजूत विद्यार्थ्यांमध्ये रुजलेली होती. ती रुजवण्याची जागा परीक्षा केंद्र नसून रोजचा वर्ग आहे. विज्ञानाच्या शिक्षकाच्या हातात तर प्रयोगशाळाही आहे.

लंबकाचा प्रयोग घ्या. विद्यार्थी दोरीची लांबी मोजतो, वीस आंदोलनांचा वेळ घेतो आणि गुरुत्वत्वरण काढतो. त्याचं उत्तर ९.४ येतं. शेजारच्याचं ९.८ येतं. पूर्ण गुण कोणाला? 'बरोबर' उत्तरालाच पूर्ण गुण मिळणार असतील, तर पुढच्या आठवड्यात ९.४ वाला रीडिंग जुळवायला शिकतो. त्याला अप्रामाणिकपणाचा हा पहिला धडा कोणी दिला? गुण ९.४ ला द्यावेत असं आम्ही म्हणत नाही. ९.४ का आलं असेल, लांबी कुठून कुठपर्यंत मोजली, वेळ घ्यायला बटण कधी दाबलं, याचा शोध घेणाऱ्याला द्यावेत. जर्नलमध्ये खाडाखोड न करता पहिलं रीडिंग तसंच ठेवण्याला द्यावेत. असं वर्षभर झालं, तर रीडिंग जुळवण्यात फायदाच उरत नाही.

प्रश्नांचंही तसंच. दरवर्षी तोच प्रकल्प, तीच वीस नावं आणि तेच गुण असतील तर जुन्या जर्नलांचा बाजार भरणारच. 'तुमच्या गावातल्या विहिरीची पाण्याची पातळी दिवाळीपासून होळीपर्यंत दर आठवड्याला मोजा' असा प्रकल्प उतरवून काढणं कठीण आणि करणं सोपं असतं. मोठं काम एकदम शेवटी मागण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी मागितलं, कच्चा खर्डा पाहिला, मध्येच दोन प्रश्न विचारले, तर शेवटच्या रात्रीची घाईही टळते. उतरवणाऱ्यांत आळशी मुलं असतात तशी घाबरलेली मुलंही असतात.

इतकं करूनही कॉपी सापडेलच. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं आणि वर्गाला माहीत असावं. संशय आला तर तो पुरावा समजू नये. सगळ्यांसमोर न बोलता मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचारावं. दुसऱ्या एका शिक्षकाला कागद दाखवावेत. कबुली देणाऱ्याला परत येण्याची वाट ठेवावी. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी आणि ती नक्की व्हावी. काणाडोळा करणं वरवर दयाळूपणाचं दिसतं, पण त्याची किंमत रात्रभर जागून स्वतःचं जर्नल स्वतः लिहिणाऱ्या मुलीला मोजावी लागते. ब्लूमफिल्ड यांच्याकडे तक्रार आली ती जुने निबंध उतरवणाऱ्यांना जास्त गुण मिळतात म्हणूनच.

राहता राहिला प्रश्न आपला. वर्गात दिलेल्या टिपणांवर आपण मूळ पुस्तकाचं नाव घालतो का? विद्यार्थ्याच्या कामावर लेख लिहिताना त्याचं नाव देतो का? प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार म्हणून अपुरी जर्नलं घाईघाईनं पुरी करून घेतो का? टकर यांच्या प्रमाणपत्रावर सही विद्यार्थ्यांनी करायची होती. तसं एक प्रमाणपत्र वर्षाच्या शेवटी शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना द्यायचं ठरलं, तर त्यावर आपण काय लिहू शकू, याचा विचार शिक्षकांच्या खोलीत एकदा जरूर व्हावा.